एस्तेरची डावी पानं

एस्तेर, तुझ्या वह्या माझ्याकडे आल्या आहेत. अकरा. त्यांना क्रमांक घातले, कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घातली आणि आत कुठल्या कुठल्या लेखांवर तू लिहिलं आहेस त्याची यादी करायला बसले. तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. रडायचं ते दौंडला मातीच्या दिवशी रडून घेतलं. नंतरचे दिवस कामात घालवायचे ठरवले होते, पण काम म्हणून तुझ्याच वह्या समोर आल्या.

तुझ्या शाळेतल्या शोकसभेत मी चार मिनिटं बोलले. अभ्यासू, मनमिळाऊ, साधी. तिन्ही शब्द खरे आहेत, तरी तिथून उतरताना खोटं बोलून आल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर ओळख झाल्यापासून मी तुझ्यावर जळत आले. तुझ्या नोकरीवर नाही, तुझ्या घरावर नाही, तुझ्या केसांवरही नाही, आणि केस तुझे चांगले होते. मी जळायचे ते तुझ्या टिपणांवर. दुसऱ्याने छापलेला लेख वाचून तू वहीत जे लिहायचीस, त्यावर.

हे कुणाला सांगितलं तर हसतील. कुणी कुणाच्या टिपणांवर जळतं का? म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी शिरूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी, तू दौंडच्या शाळेत इतिहास. दोघींनी पुण्यात एकाच सरांकडे पीएच.डी.ला नाव घातलं. तुझा विषय, मेंढपाळी सोडून भीमेकाठी शेतीत स्थिरावलेली कुटुंबं. माझा विषय, शिरूरचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार. लागणारे लेख बरेचसे सारखेच. विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून वाचायला दोघींनाही वेळ नव्हता, म्हणून जी पुण्याला जाईल तिने झेरॉक्स आणायची आणि एका प्रतीवर दोघींनी भागवायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तू दौंडहून निघायचीस, मी शिरूरहून. न्हावऱ्याच्या चौकातल्या चहाच्या दुकानात अदलाबदल. प्रतीवर पेनाने खूण करायची नाही, फक्त पेन्सिल. हा नियम माझा.

माझी पद्धत तुला पाठ होती. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं. लेख समोर, कार्ड बाजूला. वाचता वाचता महत्त्वाचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, निळ्या शाईत. आकडे लाल शाईत. उजव्या कोपऱ्यात लेखकाचं नाव, अंक, पान नंबर. कार्ड बुटाच्या खोक्यात, विषयवार. पुण्याहून येणाऱ्या एसटीत सणसवाडीला कंपन्यांमधली पाळी सुटलेली माणसं चढायची आणि पाय ठेवायला जागा राहायची नाही, तेव्हाही मी दांड्याला कोपर अडकवून कार्ड लिहिलेलं आहे.

तू मात्र लेख वाचताना हातात पेनच धरायची नाहीस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही नुसती चाळते आहे. रेल्वेच्या दौंड शटलमध्ये खिडकीशी बसून, हात मांडीवर ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचीस. मग लेख पिशवीत. मग कुणाशी तरी गप्पा, नाहीतर शेंगा. घरी गेल्यावर, भात टाकून झाल्यावर, लेख न उघडता वहीच्या उजव्या पानावर लिहायचीस. मराठीत. लेख इंग्रजीतला असला तरी मराठीत. हा माणूस काय म्हणतो, त्याला हे कशावरून कळलं, आणि मग पुढे काय. जास्तीत जास्त एक पान. डावं पान कोरं सोडायचीस.

"हे कोरं कशाला?" मी विचारलं होतं.

"भांडायला," तू म्हणालीस. "आज पटलेलं असतं. महिन्याने दुसरं काही वाचलं की पटत नाही. तेव्हा जागा नको का?"

"आणि पान नंबर?"

"असेल की लेखात."

"लेख माझ्याकडे आल्यावर?"

"तू आहेस की." वर हसलीस.

मी तेव्हा तुला बरंच सुनावलं. उद्या कुणी पुरावा मागितला तर काय दाखवशील, नेमके शब्द काय होते ते कसं सांगशील. तू चहात खारी बुडवत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बाईसाहेब, तुझ्या कार्डांत सगळे लेखक बोलतात. तू कुठाय त्यात?"

मी म्हणाले, "मी ते जपून ठेवते."

"मग तू कपाट आहेस," तू म्हणालीस, आणि माझं तोंड बघून लगेच, "चांगलं, सागवानी कपाट हां."

तो वाद आपण मिटवलाच नाही. मी अजूनही म्हणते की दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे जपून ठेवावेत. तू म्हणायचीस की इंग्रजीत वाचलेलं आपल्या भाषेत सांगता येत नसेल तर ते आपल्याला कळलेलंच नसतं. सरांनी निकाल देऊन टाकला, तोही मला न विचारता. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोघी आपापलं काम घेऊन गेलो. माझं खोकं त्यांनी उघडलं, दहाबारा कार्डं पाहिली. म्हणाले, "व्यवस्थित आहे." मग तुझी वही उघडली आणि वाचतच बसले. मध्येच हसले. डाव्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे लेखकाला कळवायला पाहिजे." पुढच्या आठवड्यात त्यांनी इतर विद्यार्थ्यांना तुझी वही वाचून दाखवली. तेव्हापासून 'व्यवस्थित' हा शब्द मला सहन होत नाही. नवऱ्याने पोळीला व्यवस्थित म्हटलं तरी मी त्याच्याकडे बघते.

त्यानंतर मी काय काय केलं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. मेंढ्यांच्या खतावरचा तो लांबलचक लेख मला आधी मिळाला होता. मी तो तीन शनिवार आणलाच नाही. झेरॉक्सचं मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. मला तो तुझ्या आधी तुझ्यासारखा वाचायचा होता. कार्ड बाजूला ठेवलं, हात मांडीवर ठेवले, शेवटपर्यंत वाचला. मग वही उघडली आणि दीड ओळ सुचली. दीड. चौथ्या शनिवारी लेख तुला दिला. तू त्यावर पाऊण पान लिहिलंस, आणि शेवटी लेखकाने एकाही बाईशी बोलल्याचं दिसत नाही, हेही लिहिलंस. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि तुझे ते फोन. एसटीडी बूथवरून, संध्याकाळी, घाईत. "कमल, ते चराऊ रानांवरचं कुठल्या अंकातलं गं?" तुझी तीन प्रकरणं ह्याच्यामुळे अडली होती. विचार सगळा तुझा, पण कशाला काय आधार ते सापडायचं नाही. मी खोक्यातून दोन मिनिटांत काढून द्यायचे. त्या दोन मिनिटांत मला फार बरं वाटायचं. पण एकदा, सरांनी तुझ्याबद्दल आणखी काहीतरी चांगलं म्हटलं होतं त्या आठवड्यात, कार्ड समोर असताना मी म्हणाले, "सापडत नाही गं." तू म्हणालीस, "असू दे, तू नको शोधत बसू, डोळे दुखतील." हे लिहिताना माझा कान अजून गरम होतो आहे.

आता मुख्य गोष्ट.

वडगाव रासाईला आपण एका शनिवारी एकत्र गेलो होतो. नदीकडच्या वस्तीवर म्हातारे आबा भेटले. मेंढरं विकून पंधरावीस वर्षं झालेली, आता ऊस आणि दोन म्हशी. माझ्याकडे बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती.

"आबा, कुटुंबात माणसं किती?"

"थोरला सणसवाडीला खोली करून ऱ्हातो, कंपनीत. त्याला धरायचा का सोडायचा?"

माझ्या प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता. मी तरी पुढे गेले. अकराव्या प्रश्नाला आबांनी माझ्याकडून तोंड फिरवून तुला विचारलं, "ह्या बाई शिरगणतीच्या का? गेल्या साली एक मास्तर आलता. त्यानं बी संडास हाय का इचारलं आन् गेला. संडास काय आला न्हाई."

तू खळखळून हसलीस. मग म्हणालीस, "मी नाही आबा संडासाचं विचारत. मला एवढंच सांगा, तुम्ही ह्याच गावात का थांबलात? नदी तर पुढं बी हाय."

आबा रानाकडे हात करून म्हणाले, "ह्या रानात माजा आजा मेंढरं बसवायचा. मंग बाप. मंग मी. खत पायजेल ना मालकाला, दर साली निरोप धाडायचा, या म्हणून. माजा जलम हितलाच, ह्याच बांधाला, पालात. आईला सोडवायला मालकाची म्हातारी आलती. पाणी आलं तवा मालक म्हनला, आता कशाला फिरतो, ऱ्हा हितं, दोन एकर घे माज्याकडनं. दुसऱ्या गावात कोन म्हनलं असतं, ऱ्हा म्हणून?"

परत जाताना न्हावऱ्याला उतरलो. माझ्या पिशवीत त्या आठवड्याचा लेख होता. त्याचं म्हणणं असं, की शेतीला पाणी आलं आणि म्हणून मेंढपाळ शेतीत थांबले. तू वडा मोडत म्हणालीस, "पाणी तर नदीकाठच्या सगळ्याच गावांत आलं. आबा ह्याच गावात थांबले. ओळख आधी होती, कमल. पाणी नंतर आलं. कोण का थांबला हे विचारण्यात अर्थ नाही, कुणी कुणाला थांबवून घेतलं ते विचारायला पाहिजे." आणि पुढच्याच दमात, "वडा गार आहे रे, दुसरा दे."

तुझी वही त्या दिवशी घरी राहिली होती. मी म्हणाले, "लिहून ठेव." तू म्हणालीस, "राहील लक्षात."

मी लिहून ठेवलं. एसटीत बसल्या बसल्या, कार्डावर, निळ्या शाईत, तुझे शब्द जसेच्या तसे. उजव्या कोपऱ्यापाशी हात थांबला. तिथे लेखक, अंक, पान नंबर घालायचा असतो. गाडीची वाट बघताना कुणी बोललेल्या वाक्याला तिथे काय लिहायचं, ह्याचा माझ्याकडे नियम नव्हता. कोपरा कोरा राहिला. आणि कोऱ्या कोपऱ्याचा नियम माझ्याकडे होता. ज्या कार्डाचा कोपरा कोरा, तो विचार माझा स्वतःचा.

पुढे प्रबंध लिहायला बसले, तेव्हा सगळ्या खोक्यांत मिळून कोऱ्या कोपऱ्याची चार कार्डं निघाली. तीन फालतू होती. चौथं हे.

कार्ड हातात आलं तेव्हा विसरले होते असं म्हणता आलं असतं. म्हणत नाही. वड्याचं तेल लागलेलं होतं त्याला. मला सगळं आठवत होतं. तरी मी ते प्रबंधात घातलं, पान एकशे बारावर, 'माझ्या निरीक्षणानुसार' असं म्हणून. स्वतःला सांगितलं की माझाच नियम आहे, मी नियमाने वागते आहे.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे तक्ते उलटले, यादी पाहिली, आणि नेमकं ते पान उघडलं. "ओळख आधी, पाणी नंतर. ही फार मोलाची गोष्ट तुम्ही पाहिलीत." आमच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा तसं पाहिलं. मी म्हणाले, "थँक यू सर." तू दाराबाहेर उभी होतीस, दौंडहून पेढे घेऊन. आत काय विचारलं म्हणून विचारलंस. मी म्हणाले, तक्त्यांबद्दल विचारलं.

नंतर तू माझा प्रबंध वाचायला मागितलास. दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा दिला. महिन्याने परत आणून दिलास. पिशवीतून काढताना एवढंच म्हणालीस, "चांगला झालाय गं, खरंच." तेव्हापासून मी वाट पाहत होते. आता बोलेल, मग बोलेल. तू काही बोलली नाहीस. बाजारभाव, शाळेतलं राजकारण, तुझ्या नवऱ्याची, सॅम्युएलभाऊंची, रेल्वेतली बदली, सगळं बोललीस. मी ठरवून टाकलं की तुला कळलं आहे आणि तू मोठेपणाने गप्प बसली आहेस. त्यावरही मी जळले.

मागच्या रविवारी सॅम्युएलभाऊ स्वतः वह्या घेऊन शिरूरला आले. रेल्वेची कापडी पिशवी, वर तुझी शाल. म्हणाले, "ताई, तिचा राहिलेला प्रबंध तुम्हीच पुरा करा. ती म्हणायची, कमलकडं समदं सापडतं." चहासुद्धा घेतला नाही. मी दार लावलं आणि पहिल्यांदा काय शोधलं असेल ते तू ओळखलं असशील. माझ्या प्रबंधावरचं तुझं टिपण.

नववी वही. उजव्या पानावर माझ्या चारशे पानांचं तू एक पान केलं आहेस. ते वाचून मला कळलं की मला काय म्हणायचं होतं. चार वर्षं मी ते लिहीत होते आणि मला ते एवढ्या साध्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. मग डावं पान. तिथे भांडण असणार म्हणून मी आधी पाणी पिऊन आले. तिथे लिहिलं आहे:

'पान ११२. ओळख आधी, पाणी नंतर. हे मला सुचायला हवं होतं. मी त्या आबांकडे गेले होते, तरी नाही सुचलं. कमल पुढे गेली. हेवा वाटतो.'

अकरा वह्यांतला हा एकमेव पान नंबर आहे. मी सगळ्या तपासल्या.

एस्तेर, तू वहीत कधी टोमणे मारले नाहीस. सरांनाही सरळ 'हे चूक आहे' असं लिहिणारी तू. म्हणजे हे खरं आहे. तू खरोखर विसरली होतीस. गार वड्याबरोबर ते वाक्य तू टेबलावर टाकलंस आणि गाडीत बसलीस. असं रोज काहीतरी टाकून जाण्याइतकं तुझ्याकडे होतं, आणि मी एवढं एक उचलून चारशे पानांच्या मध्ये ठेवलं. हे वाचून मला लाज आधी वाटायला हवी होती. आधी राग आला. आपलंच वाक्य ओळखू न येण्याइतकं भरलेलं डोकं मला का नाही मिळालं? मग लाज. मग मी तुझी शाल घडी करून कपाटात ठेवली, बाहेर काढली, परत ठेवली.

काल दौंडला जाऊन सॅम्युएलभाऊंना सगळं सांगितलं. आधी त्यांना कळेना.

"म्हंजी तुमी तिचं वाक्य घेतलं?"

"हो."

"आन् तिनं ते वाचून तुमचं कौतुक केलं?"

"हो. हेवा वाटतो असं लिहिलंय."

ते एकदम हसायलाच लागले. त्या घरात इतक्या दिवसांत कुणी हसलं नसावं, कारण आतून तुझी सासू बघायला आली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता तिला चिडवायला ती न्हाई वो ताई." मग, "पदवी काढून घेतील का तुमची?"

"माहीत नाही."

"मग कशाला कळवता? तिला काय आता."

मी म्हणाले, तिला नाही, मला आहे. आज सकाळी सरांना पत्र टाकलं. एक पान, मुद्देसूद. कधी, कुठे, कुणाचे शब्द, कुठल्या पानावर. सोबत त्या कार्डाची झेरॉक्स. ते काय उत्तर देतील ते देतील. पोस्टातून घरी येताना हलकं वगैरे काही वाटलं नाही. माझ्या प्रबंधातली एकच चांगली गोष्ट मी आज देऊन आले, आणि ते मला जड गेलं, हेही तुला कळावं.

तुझा प्रबंध मी पुरा करणार नाही. आधार शोधून देईन, पान नंबर सगळे घालीन, ते माझ्याइतकं कुणाला जमणार नाही. पण तुझी उरलेली दोन प्रकरणं मी लिहिली तर ती व्यवस्थित होतील. त्यापेक्षा ह्या वह्याच स्वच्छ उतरवून, सूची करून कॉलेजच्या लायब्ररीत ठेवते. ज्याला पुढे जायचं असेल त्याने तुझी डावी पानं वाचून जावं. उतरवताना माझ्याकडून एक शब्द जास्तीचा जाणार नाही असं ठरवलं आहे, आणि माझे नियम मी पाळते.

एकच ठिकाण सोडून. नवव्या वहीत, 'हे मला सुचायला हवं होतं' ह्या ओळीखाली मी पेन्सिलीने तळटीप घातली आहे: 'हे तिलाच सुचलं होतं. न्हावऱ्याला, शनिवारी, माझ्यासमोर. — कमल.'